कैलासाच्या पलीकडचा मुलूख

सिरसाळ्याच्या गुरुलिंगअप्पांना माणसं आवडत नसत असं म्हणणं बरोबर होणार नाही. माणसं त्यांना लागत. सकाळी दुकानाच्या पायरीवर उभं राहून नाक मुरडावं अशी दहा-पाच माणसं रस्त्यानं गेली नाहीत, तर अप्पांना चहा गोड लागत नसे. शेतकरी दिसला की तो अडाणी, मास्तर दिसला की तो आयतं खाणारा, पुढारी दिसला की तो फुकट्या. स्वतःच्या जातभाईंना ते 'तराजूला चिकटलेले मुंगळे' म्हणत, आणि म्हणत असत ते तराजूमागे बसूनच. कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे, पांढरा सदरा, आणि खालचा ओठ कायम थोडा पुढे. तो ओठ बघूनच निम्मं गाव पलीकडच्या बाजूनं जायचं.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमाराला अप्पांनी किराणा दुकानाच्या माडीवर मोठी छत्री बसवली आणि गावाला केबल दिली. धंदा म्हणून दिली हे खरंच. पण त्याहून जास्त मान वर करून बघण्यासाठी दिली. गाव छत्रीकडे बघत होतं आणि अप्पा गावाकडे. छत्री पहिले आठ दिवस चुकीच्या बाजूला तोंड करून होती. पडद्यावर नुसत्या मुंग्या. शेवटी परळीहून मेकॅनिक आला आणि त्यानं ती फिरवली, तर अप्पा गावाला म्हणाले, "मी बराबर लावलीती. वरचंच सरकलं व्हतं." आभाळात काय सरकलं होतं हे विचारायची छाती कुणाची नव्हती. अप्पा चुकत नसत. चुकायची ती जगाची बाजू.

माडीवरच्या खोलीत त्यांनी एक माईक ठेवला होता. गावच्या चॅनेलवर पिक्चर चालू असला तरी मध्येच आवाज बंद करून अप्पा बोलत. कुणाची शेळी हरवली, कुणाची मयत आहे, कुणी खांबावरून चोरून वायर ओढली आहे. वायरवाल्याचं नाव घेऊन ते त्याच्या सात पिढ्या काढत आणि गाव पिक्चरपेक्षा ते जास्त आवडीनं ऐकत असे.

खोलीत मोठाल्या बॅटऱ्याही होत्या. लाईट गेली तरी आपली केबल थांबता कामा नये, असं अप्पांच्या मनानं घेतलं होतं. तेव्हा त्यांचा एकुलता एक मुलगा श्रीशैल म्हणाला होता, "अप्पा, गावात लाईटच न्हाई म्हणल्यावर बघणार कोण?"

"ते गावानं बघावं," अप्पा म्हणाले. "माझं दुकान चालू हाय."

हा श्रीशैल अंगानं बारीक, आवाजानं हळू, हातानं हुशार. खांबावर चढून तारा ओढायचं काम सगळं तोच करायचा, आणि अप्पा खालून ओरडायचे. त्याचं लग्न वर्षाराणीशी झालं. तीही त्यांच्याच लिंगायत वाणी समाजातली, पण बी.एस्सी. बी.एड. लग्नानंतर वर्षभरात तिला माजलगावच्या एका हायस्कुलात नोकरी लागली आणि श्रीशैल तिच्यामागे माजलगावला गेला. तिथे त्यानं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. बायकोच्या मागे गेला, हे पहिलं पाप. दुसरं पुढे झालं. बाळ झालं, राजेश्वर नाव ठेवलं, वर्षाराणीची रजा संपली आणि बाळाला धरायला घरात कुणी नव्हतं. श्रीशैलच्या आईनं, गंगासागरबाईंनी, जायची पिशवी भरली होती. अप्पांनी ती खुंटीला परत टांगली. "मह्या बायकोला मी पोरं सांभाळायच्या नौकरीला लावणार न्हाई," ते म्हणाले. मग श्रीशैलनं दुकानाचं शटर ओढलं आणि तो घरी बसून पोराला सांभाळायला लागला.

गावात ही बातमी पोचली ती अप्पांच्याच तोंडून. दुसऱ्या कुणी सांगितली असती तर तिला लाज म्हटलं असतं. स्वतः सांगितली की तो शेरा होतो, असा त्यांचा हिशोब. "आमच्या चिरंजीवांना नौकरी लागली बरं का," ते पायरीवर उभं राहून म्हणत. "लंगोट धुवायची. पर्मनंट हाय." लोक हसत. हसणाऱ्यांनाही अप्पा मनातून मूर्खच समजत, पण हसू त्यांना हवं असे.

राजेश्वर नऊ महिन्यांचा झाला तरी त्याच्या गळ्यात लिंग बांधलं नव्हतं. या घरात रीत अशी की नातवाला आजोबाच्या मांडीवर बसवून मठाच्या स्वामींच्या हातून लिंग बांधायचं. अप्पा स्वतः आपल्या आजोबाच्या मांडीवर बसले होते, श्रीशैल त्यांच्या वडलांच्या. राजेश्वरच्या वेळी मांडी होती, पण ती घालायला अप्पा तयार नव्हते. गंगासागरबाईंनी महिनोन् महिने ना जेवण सोडलं, ना रडारड केली. त्या फक्त अप्पांशी बोलेनाशा झाल्या. भाकरी वाढत, पाणी देत आणि भिंतीकडे बघत. शेवटी अप्पांनीच भिंतीला सांगितलं, "शिवरात्रीला बोलव त्यांला. दुसऱ्या दिवशी दुपारी स्वामीला सांग."

त्या वर्षी शिवरात्रीच्या आधीच ऊन लागलं होतं. हरभरा घाट्यात भरायच्या आत वाळून गेला आणि लोक फेब्रुवारीतच अंगणात झोपायला लागले. दरवर्षी शिवरात्रीला अप्पा गावच्या चॅनेलवर देवाचा पिक्चर लावत. तेच ते पिक्चर बघून गाव कंटाळलं होतं. म्हणून अप्पा परळीला गेले आणि सीडीच्या दुकानातून नवीन सीडी घेऊन आले. कव्हरवर पांढरा शुभ्र डोंगर, निळं आभाळ, डोंगरावर धुकं. चष्मा खिशात होता. तो लावणं म्हणजे डोळे कमी पडतात हे दुकानदाराला कळणं. अप्पांनी हात लांब करून डोंगर बघितला आणि तो कैलास आहे हे ठरवून टाकलं. दुकानदार पोरगेलासा होता, तो म्हणाला, "काका, घरातल्या सगळ्यांनी मिळून बघावा असा हाय. इंग्रजी हाय पण."

"देवाला भाषा लागत न्हाई," अप्पा म्हणाले आणि निघाले.

दोन दिवस रिक्षावर कर्णा लावून गावात पुकारा झाला: महाशिवरात्रीनिमित्त, गुरुलिंगअप्पांच्या केबलवर, दुपारी, संपूर्ण कैलास दर्शन.

शिवरात्रीला सकाळच्या गाडीनं श्रीशैल, वर्षाराणी आणि बाळ आले. अप्पांनी सुनेला "आलात का?" विचारलं. मुलाकडे बघितलं तर त्याच्या खांद्यावर बाळ, बाळाच्या तोंडाखाली फडकं आणि फडक्याचं दुसरं टोक श्रीशैलच्या हातात. अप्पांचा ओठ अर्धा इंच पुढे आला. ते माडीवर गेले.

दुपारी उपासाची भगर खाऊन सगळं गाव टीव्हीपुढे बसलं. अप्पांच्या घरात खाली गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. पुढे छबुबाई, सगळ्यांत मोठ्या आवाजाची. पडद्यावर पांढरा डोंगर आला तसा बायकांनी हात जोडले. ढग सरकले. बर्फ दिसला. मग बर्फातून डुलत डुलत एक भलंमोठं पांढरं अस्वल आलं, थांबलं आणि कॅमेऱ्याकडे बघून त्यानं जांभई दिली.

माडीवर अप्पांनी सीडी बाहेर काढली. चष्मा लावला. कव्हर वाचून काही उपयोग नव्हता, पण डोंगराच्या पायथ्याशी त्यांना आता ते अस्वल दिसलं. खालून छबुबाईंचा आवाज आला, "अप्पा, महादेव कुठाय?" गल्लीत कुणीतरी हसलं. पलीकडच्या गल्लीतून दुसरं हसू आलं.

दुसरा कुणी असता तर त्यानं जुना पिक्चर लावून वेळ मारून नेली असती. पण त्यासाठी आपलं चुकलं असं वाटावं लागतं. अप्पांनी सीडी परत आत सारली, पिक्चरचा इंग्रजी आवाज बंद केला आणि माईक तोंडाला लावला.

"ऐका बे अडाण्यांनो," ते म्हणाले. "हा कैलासाच्या पलीकडचा मुलूख हाय. कैलास तुमी कॅलेंडरावर दररोज बघताव. पलीकडं काय हाय हे तुमच्या बापानं तरी बघितलं व्हतं का? गप बसा आन् बघा."

गाव गप बसलं. आणि मग अप्पा सुटले. इंग्रजीचं एक अक्षर येत नसताना त्यांनी तो अख्खा पिक्चर गावाला समजावून सांगितला. अस्वल उपाशी होतं आणि त्याच्या पायाखालचा बर्फ फुटून वाहून चालला होता. अप्पा म्हणाले, "बर्फ कावून फुटला? तुमच्यामुळं. घरोघर फ्रीज आणले. जगातला बर्फ सगळा हिकडं वढून घेतला, आता तिथं काय राहील? खावा गारेगार. ते बिचारं बुडायलंय." बर्फावर पोट टाकून एक जाडजूड मिशाळ जनावर पालथं पडलेलं दिसलं. पाण्यातून दुसऱ्यानं आणलेल्या माशाकडे ते बघत होतं. "आन् हे वळखलं का?" अप्पा म्हणाले. "हे आपले सुंदरराव. इलेक्शन झालं की असेच पडत्यात. हालत न्हाईत, फक्त तोंड उघडत्यात." गल्ल्यागल्ल्यांतून हशा उठला. चौकातल्या हॉटेलात खुद्द सुंदरराव आपल्या माणसांत बसले होते. दोनदा पंचायत समितीला निवडून आलेला माणूस, पोटानं आणि मिशीनं भरलेला. त्यांची माणसं खाली बघून हसली.

अप्पांना रंग चढला. इतकी वर्षं ते पायरीवरून एकेकाला बोलत होते. आज सगळं गाव एकदम हाताशी आलं होतं.

मग ते पक्षी आले. माणसासारखे उभे, काळे कोट घातलेले, हजारोंनी. वारा सुटला होता, बर्फ उडत होता आणि एकेक पक्षी आपल्या पायांवर एक अंडं घेऊन, वरून पोटाची घडी पांघरून उभा होता. हलत नव्हता. खात नव्हता. पाठीवर बर्फ साचत होता. अप्पांचा आवाज खाली आला. आता ते मनापासून बोलत होते, हे कबूल करावं लागेल.

"बघा," ते म्हणाले. "ही आई. पायाखाली बर्फ हाय म्हणून अंडं सोताच्या पायावर घेतलंय. पोटात कण न्हाई. पर जागा सोडली का? याला म्हणत्यात आई." खाली बायकांनी पदर डोळ्यांना लावले. इथं अप्पा थांबले असते तर सगळं निभावलं असतं. पण माईक हातात होता. "आन् आमच्या घरी? आमच्या घरी आई गेलीय पगाराला आन् बाप बसलाय लंगोटाला. त्या पाखराला आक्कल हाय, आमच्या चिरंजीवाला न्हाई. उद्या नातवाचं लिंग बांधायचंय, म्हणलं श्रीशैलचीच ओटी भरून टाकू. खण-नारळ आणून ठेवलाय."

गाव हसलं. इतकं हसलं की माडीपर्यंत ऐकू आलं. खालच्या खोलीत मात्र कुणी हसलं नाही, कारण श्रीशैल तिथंच भिंतीला टेकून बसला होता आणि राजेश्वर त्याच्या पोटावर झोपला होता. छबुबाईसुद्धा उठून, चपला हातात घेऊनच घरी गेल्या.

अप्पा खाली आले ते कौतुकाच्या अपेक्षेनं. पाण्याचा तांब्या तोंडाला लावून त्यांनी विचारलं, "कसं झालं?"

वर्षाराणी दारात उभी होती. सासऱ्यासमोर ती आजवर डोक्यावरचा पदर सरकू न देता बोलली होती. आज पदर तसाच होता, आवाज मात्र वर्गातला होता. "मामा, ते पेंग्विन होते. अंडं घेऊन उभे होते ते नर. मादी अंडं त्याच्या पायावर सोपवते आणि समुद्रावर जाते, पोट भरायला. दोन-दोन महिने. तोवर बाप उभा असतो."

तांब्या अप्पांच्या हातात तसाच राहिला.

"आता बर्फ उशिरा धरतो आणि लवकर फुटतो," ती पुढे म्हणाली. "परत यायची वाट मोडते. आईला उशीर होतो. बाप उपाशी थांबतो, थांबतो, आणि अगदीच जीव चालला की पिल्लाला सोडून जावं लागतं त्याला. पिक्चरमध्ये शेवटी तेच होतं. तुम्ही त्यावर म्हणालात, पाखरू कंटाळलं."

अप्पांनी तांब्या खाली ठेवला. चुकायची पुन्हा जगाचीच बाजू होती. "मंग ते पाखरू बी आमच्या श्रीशैलसारखंच येडं हाय," ते म्हणाले.

श्रीशैल बाळाला घेऊन उठला. त्याचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "अप्पा, आमी उद्या सकाळच्या गाडीनं जातोत. राजूला लिंग माजलगावच्या मठात बांधू. मांडीचं काय, मह्या मांडीवर बसंल. तशी बी तिला सवय झालीय." आणि तो आतल्या खोलीत गेला.

मग गंगासागरबाई बोलल्या. कितीतरी महिन्यांनी त्या भिंतीकडे न बघता नवऱ्याकडे बघून बोलत होत्या. "घरात बोलला असताव तर घरात निस्तरलं असतं. तुमी माईकवर बोललाव. गावात त्याला आता पोरं-सोरं ओटीवाला म्हणतील. तुमी उद्या माईकवरच मागं घ्या. न्हाईतर नातू पुन्यांदा ह्या उंबऱ्यात येत न्हाई, आन् मी बी पिशवी भरून त्यांच्यासंगं जाते. आता ती खुंटीला टांगायला तुमच्या हाती लागायची न्हाई."

अप्पा माडीवर जाऊन बसले. त्यांना राग आला होता, आणि राग कुणाचा हे ठरत नव्हतं, ही त्यांच्यासाठी नवीन गोष्ट होती. त्यांनी सीडी परत लावली आणि आवाज बंद ठेवून ते पक्षी बघितले. नर, नर, नर. आता तर ते पक्षी श्रीशैलसारखे बारीक खांद्याचेच दिसायला लागले. एका ठिकाणी मादी अंडं नराच्या पायावर सरकवत होती आणि ते मध्येच बर्फावर गडगडलं. दोघं चोचीनं धडपडत होते. दुपारी अप्पा यावर काय म्हणाले होते? म्हणाले होते, "बघा, आपल्या ग्रामसेवकासारखी ढिली हाय ही." लोक हसले होते. त्यांनी पडदा बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या चॅनेलवर लेखी पाटी आली: लोकाग्रहास्तव कालचा पिक्चर पुन्हा. अप्पांनी अंघोळ केली, भस्म लावलं, माडीचं दार लावून घेतलं. खाली श्रीशैल पिशव्या बांधत होता, त्याचा आवाज येत होता. पिक्चर सुरू झाला. अस्वल गेलं, पालथं जनावर गेलं. अप्पा काही बोलले नाहीत. पक्षी आले तसा त्यांनी माईक घेतला.

"हे पाखरू," त्यांनी सुरुवात केली आणि घसा साफ केला. "काल मी ह्याला आई म्हणालो. ती आई न्हाई. बाप हाय. आई समिंदरावर गेलीय, पोरासाठीच गेलीय. बाप उभा हाय." इतकं बोलून ते थांबले. बाहेर चिटपाखरू हलत नव्हतं. हशा नाही, आरडाओरडा नाही. गाव कान देऊन ऐकतंय, हे अप्पांना जाणवलं आणि त्यांना धीर आला. "ऊन लवकर पडायलंय तिथं. आईला यायला वाट राहिली न्हाई. तरी हा उभाच हाय. ह्याला कुणी लंगोट धुतो म्हणून हसलं असंल का? असंल बी. त्यांच्यात बी एखादा गुरुलिंग असंल." खोलीत ते एकटेच होते, तरी त्यांनी मान खाली घातली. "मह्या श्रीशैलला मी काल नको ते बोललो. मी चुकलो. चुकलो म्हणतोय, ऐका नीट, परत म्हणणार न्हाई. मह्या बायकोला नातवाकडं जाऊ दिलं न्हाई, तवा ते पोरगं दुकान बंद करून बसलं. मह्यामुळं बसलं. आन् मीच हसलो."

बाहेर तशीच शांतता. अप्पांना वाटलं, बायका रडत असतील. सुंदररावसुद्धा गप झाला असेल. साठ वर्षांत पहिल्यांदा तो शब्द तोंडातून निघाला होता आणि गावानं तो असा अदबीनं झेलला, याचा त्यांना थोडा अभिमानसुद्धा वाटला. माईक ठेवून त्यांनी दार उघडलं आणि ते जिन्यावरून तोलानं खाली उतरले.

घरातला टीव्ही काळा होता. पंखा थांबलेला होता. ओट्यावर छबुबाई पुठ्ठ्यानं वारा घेत बसल्या होत्या. "अप्पा, लाईट कवा यायची हो?" त्यांनी विचारलं. "तुमचा पिक्चर सुरू झाला न्हाई की गेली बगा."

अप्पांनी वर बघितलं. माडीवर बॅटऱ्यांचा बारीक आवाज चालू होता. दुकान चालू होतं.

खरं तर अप्पा सुटले होते. बोलायचं ते बोलून झालं होतं आणि ऐकलं कुणीच नव्हतं. याहून सोयीची माफी त्यांना सापडली नसती. "मी बोललो," चुलीपाशी जाऊन ते गंगासागरबाईंना म्हणाले. "लाईट नव्हती यात माझा काय दोष?"

गंगासागरबाईंनी पिशवीचा बंद ओढला. "मी न्हाई ऐकलं."

"अगं, लिंगाशप्पथ बोललो. चुकलो म्हणालो."

"कुणाला म्हणालाव? बॅटरीला?" त्या म्हणाल्या. "पोरं स्टँडवर गेलीत. मी हे दार लावून निघतेच. गाडी अजून आली न्हाई वाटतं."

अप्पा निघाले. सदऱ्याची वरची गुंडी उघडी राहिली होती आणि चालताना वहाणेचा अंगठा तुटत आला होता. स्टँडसमोरच्या हॉटेलात लाईट नसल्यानं सगळे बाहेर बाकड्यांवर येऊन बसले होते, मधोमध सुंदरराव. ते कालचं विसरले नव्हते. "या अप्पा," ते मोठ्यानं म्हणाले. "आज कैलासाच्या कोणत्या बाजूला चाललाव?"

अप्पांनी तिकडे बघितलं नाही. श्रीशैल झाडाखाली उभा होता, कडेवर बाळ. वर्षाराणी पलीकडे पिशव्यांपाशी होती. अप्पा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. तोंड उघडलं आणि तेवढ्यात गाडी आली. गाडी आली की सिरसाळ्याच्या स्टँडवर माणसाला दुसरं काही सुचत नाही. सगळं गाव दाराकडे आणि खिडक्यांकडे धावलं. श्रीशैलनं खिशातून रुमाल काढला, खिडकीतून टाकून जागा धरायला. पण कडेवर पोर. त्यानं इकडे तिकडे बघितलं. वर्षाराणी पलीकडे पिशव्या गोळा करण्यात गुंतली होती, जवळ दुसरं कुणी नव्हतं. "जरा धरा," तो म्हणाला, आणि बाळ अप्पांच्या हातात देऊन धावला.

अप्पांनी त्याला काखेत धरलं, अगदी जसं शेंगदाण्याचं पोतं धरतात तसं. बाळ वळवळलं, खाली सरकलं आणि त्याचे उघडे पाय डांबराकडे निघाले. डांबर सकाळीच तापून चिकट झालं होतं. अप्पांनी पटकन आपला एक पाय पुढे केला, मग दुसरा. राजेश्वर त्यांच्या वहाणांवर उभा राहिला आणि तोल जाऊ नये म्हणून त्यानं धोतराचा घोळ दोन्ही मुठींत धरला. अप्पांना आता हलता येईना. ते वाकून, दोन्ही हातांनी पोराला सांभाळत, भर स्टँडवर उन्हात उभे राहिले.

काल सगळ्या गावानं तो पिक्चर बघितला होता. सुंदररावांनी मांडीवर थाप मारली. "अरे बघा, बघा! अप्पा, अंडं सांभाळा! आई झालाव का काय?"

बाकडीच्या बाकडी हसली. कंडक्टरसुद्धा वळून बघायला लागला. अप्पांनी मान वर केली. ओठ पुढे आलेला होता. "आई न्हाई बे," ते ओरडले. "ते काल चुकलं. मी चुकलो. ते नर असत्यात, बाप. बायकू कमवायला जाते, आन् बाप पोराला पायावर घेऊन उभा राहतो, मह्या श्रीशैलसारखा. हसायलाव काय रे? तुमच्यातल्या एकाला तरी तासभर पोर सांभाळता येतंय का? शेंबूड पुसता येत न्हाई सोताचा! ओटीचं बी मीच बोललो. घाण बोललो. मागं घेतलं."

निम्म्यांना काय चाललंय तेच कळलं नव्हतं. गंगासागरबाई पिशवी घेऊन स्टँडच्या तोंडाशी येऊन थांबल्या होत्या. सुंदररावांनी मिशी चाचपली आणि जरा आशेनं विचारलं, "मंग अप्पा, ते पालथ्या जनावराचं? मला बोललाव ते? ते बी चुकलंच की."

अप्पांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "न्हाई," ते म्हणाले. "ते बराबर व्हतं."

श्रीशैलचा एक पाय गाडीच्या पायरीवर होता. कंडक्टरनं त्याला विचारलं, "ए, यायलास का ऱ्हायलास?" श्रीशैलनं पायरीवरचा पाय खाली घेतला. कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी हलली. खिडकीजवळच्या सीटवर त्याचा निळा रुमाल जागा धरून बसला होता. तो तसाच माजलगावला निघून गेला.

वर्षाराणीनं पिशव्या उचलून झाडाच्या सावलीत ठेवल्या. श्रीशैल वडलांजवळ आला आणि बाळाला उचलायला खाली वाकला.

"थांब बे," अप्पा म्हणाले. "खाली डांबर तापलंय. तुला धरता येत न्हाई."